काट्याची वर्दी

स्वारगेटला जेधे चौकातून शंकरशेठ रस्त्याकडे वळताना, एस.टी.च्या आणि शहर-बसच्या भोंग्यांच्या कल्लोळातून अंग चोरून निघालेला पादचारी जेथे पहिला मोकळा श्वास घेतो, तेथे एका आडोशाला वाहनांच्या विजेची कामे करणारा एक कारागीर बसतो. दुकान म्हणावे असे त्याच्यापाशी फारसे काही नाही. एक लाकडी पेटी, वायरींची भेंडोळी, खिळ्यांना अडकवलेले जुने हॉर्न आणि पेचकसासारखा दिसणारा, मुठीत इवलासा दिवा असलेला एक टेस्ट लॅम्प, एवढाच काय तो त्याचा संसार. एका सायंकाळी साताऱ्याकडून भाजी घेऊन आलेला टेम्पो त्याच्यापुढे उभा होता आणि चालकाची तक्रार अशी होती की, पाण्याच्या उष्णतेचा काटा मधूनच तांबड्या रेघेपर्यंत उडी घेतो आणि पाहता पाहता खाली येतो. कारागिराने बॉनेट उघडण्याची घाई केली नाही. तो चालकाशेजारच्या आसनावर चढून बसला, काट्याकडे काही वेळ नुसताच पाहत राहिला आणि मग म्हणाला, “हलतो, ते कळलं दादा. पण हलतो कधी, ते सांगा.” चालकापाशी त्याचे उत्तर नव्हते. काटा हलतो या भीतीनेच त्याचे मन असे व्यापले होते की, त्या क्षणी आणखी काय काय घडत होते याची नोंद त्याने कधी घेतलीच नव्हती.

काट्यावर आपला इतबार केवढा असतो, आणि तो किती थोड्या विचाराने आपण ठेवलेला असतो! स्वारगेटच्या स्थानकातून साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे आणि कोकणाकडे सुटणाऱ्या जुन्या गाड्यांतले कित्येक काटे केव्हाच निकामी झालेले असत, आणि तरीही मुरलेले चालक कात्रजचा घाट चढताना एंजिनाच्या आवाजावरून, गिअरच्या दांड्याच्या थरथरीवरून, पायाखालच्या पत्र्याच्या उबेवरून आतले वर्तमान बिनचूक ताडीत. शंका आलीच, तर गाडी कडेला घ्यावी, बॉनेट उघडे टाकावे, रेडिएटर निवेपर्यंत झाडाखाली विडी ओढीत बसावे, असा निवांत शिरस्ता होता. भूमीचे हे औदार्य आकाशापाशी नाही. तेथे गाडी कडेला घेता येत नाही, आणि म्हणून एका एंजिनावर उडणाऱ्या लहानशा विमानात बसलेल्या मनुष्याचे त्या चार-दोन काट्यांशी जे नाते जडते, त्यात श्रद्धा, संशय आणि भय यांचे मिश्रण असते.

हे सारे माझ्या मनात घोळू लागले ते एका स्नेह्यांमुळे. मुकुंदनगरात राहणारे हे गृहस्थ विमान-देखभालीचे परवानाधारक अभियंते आहेत. तारुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर एंजिनावाचून तरंगणारी विमाने पाहून त्यांना हा नाद लागला, आणि पुढे सारे आयुष्य एंजिनांच्या सान्निध्यात गेले. आता उतारवयातही एका खासगी मालकाच्या, जिल्ह्यातल्याच एका धावपट्टीवर ठेवलेल्या चार आसनी जुन्या विमानाची देखभाल ते करतात, आणि संध्याकाळी सारसबागेच्या तळ्याकाठी त्या विमानाच्या प्रकृतीची कैफियत मला ऐकवतात. माझे ज्ञान बहुतांशी श्रवणाचे. पण त्यांच्या सांगण्यात अशी काही शिस्त असते की, ऐकणाऱ्यालाही वस्तू डोळ्यांपुढे दिसू लागते.

त्या विमानाच्या नाकात चार सिलिंडरांचे, समोरासमोर आडवे निजलेले, वाऱ्यानेच थंड होणारे एंजिन आहे. पाणी नाही, रेडिएटर नाही. ठिणगी पाडायला दोन मॅग्नेटो असतात आणि ते आपली वीज आपणच निर्माण करतात. त्यामुळे विमानातली बॅटरी मेली, आल्टर्नेटर निकामी झाला, सारे दिवे विझले, तरी एंजिन आपल्या लयीत फिरतच राहते. ही रचना मला प्रथम कळली तेव्हा मोठे नवल वाटले. एंजिनाचे त्या विजेवाचून काही अडत नाही. अडते ते केवळ त्याच्या वार्तेचे. तेलाचा दाब किती, तेलाची उष्णता किती, सिलिंडरचा माथा किती तापला, हे वैमानिकाला कळवण्यासाठी जी यंत्रणा असते तिचे भाग्य एंजिनाच्या भाग्याहून वेगळे असते, आणि एक सुखरूप असताना दुसरे आजारी पडू शकते.

झाले ते असे. विमान धावपट्टी सोडून वर चढू लागले की, तेलाच्या उष्णतेचा काटा अवचित वर उसळे, काही क्षण थरथरे आणि पूर्ववत होई. वैमानिक सावध मनुष्य. त्याने चक्कर मारून विमान उतरवले आणि त्या व्यवसायात जिला ‘स्नॅग’ म्हणतात ती नोंद तांत्रिक दप्तरात केली. विमान चाकांना ठोकळे लावून बांधले गेले, एंजिन पूर्ण जोरात चालवून पाहिले गेले, आणि काटा एखाद्या सुशील बालकासारखा जागच्या जागी स्थिर! अशा वेळी दप्तरात ‘तपासले, दोष आढळला नाही’ असा शेरा मारून मोकळे होण्याचा मोह होतो. माझ्या स्नेह्यांचा त्या शेऱ्यावर फार राग आहे. त्यांचे म्हणणे, दोष आढळला नाही याचा अर्थ दोष नाही असा नसून, दोष ज्या परिस्थितीत प्रकट होतो ती परिस्थिती आपण निर्माण केली नाही, इतकाच असतो. आणि जमिनीवर बांधलेल्या विमानाला आकाशातल्या विमानाची जबानी देता येत नाही.

सारसबागेतून मान वर केली की पर्वती दिसते, आणि पर्वती दिसली की आमचे बोलणे हमखास वाकड्या वाटेने जाते. त्या दिवशीही गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ मिळाली, ती कोणा सरदाराच्या अर्जातून नव्हे, तर एका सावकाराच्या पत्रातून; आणि तेही मोत्ये, मोहरा अशा सांकेतिक भाषेत. रणांगण आणि पेशवे यांच्यामध्ये शेकडो कोसांचा मुलूख, नद्या, थकलेले जासूद, भ्यालेले हरकारे, स्वतःच्या हुंड्यांची काळजी करणारे पेढीवाले असे कितीतरी दुवे होते, आणि हाती आलेल्या चार ओळींत त्या प्रत्येक दुव्याचा थोडा थोडा अंश मिसळलेला होता. भाऊसाहेब पडले की निसटले, याची रुजवात वर्षानुवर्षे होईना. पार्वतीबाई पतीच्या मृत्यूवर विश्वास ठेवायला तयार झाल्या नाहीत. भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत त्या एका अनिश्चित वार्तेने राज्याला घोर लावला. स्वतः नानासाहेब तर २३ जून १७६१ रोजी, आमच्या डोळ्यांपुढच्या याच टेकडीवर निवर्तले. “बातमी खोटी होती असं नाही,” स्नेही म्हणाले, “पण ती कुठल्या कुठल्या हातांतून आली, हे कळल्याशिवाय तिचं वजन कसं करणार?”

विमानाच्या काट्यांनाही असेच निरनिराळ्या जातींचे जासूद असतात. त्यांतला एक तर मला केवळ अद्भुत वाटतो. दोन भिन्न धातूंच्या तारांची टोके जोडून तो सांधा तापवला आणि दुसरी टोके थंड ठेवली, तर त्या जोडीत आपोआप अल्पसे विद्युतबल निर्माण होते. हे बर्लिनमध्ये झेबेक यांच्या निदर्शनास १८२१ साली आले, म्हणजे शनिवारवाड्यावरचे निशाण उतरून अवघी तीन-चार वर्षे झाली होती तेव्हा. याच तत्त्वावर थर्मोकपल चालते. क्रोमेल आणि ॲल्युमेल या मिश्रधातूंच्या जोडीत एका अंश सेल्सिअसच्या फरकाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टच्या लाखाव्या भागाची जेमतेम चौपट, एवढीशी कुजबूज निर्माण होते. आणि त्या कुजबुजीवर एंजिनाच्या धुराची उष्णता वाचली जाते. जुन्या घडणीच्या काट्याला बॅटरीची वीजही लागत नाही. एंजिनाची आगच त्याला हलवते. दुसरी जात रोधकाची. तेलाच्या मार्गात बसवलेला सेंडर तापला, की त्याचा विद्युतरोध बदलतो, त्यातून वाहणारी वीज कमी-अधिक होते आणि काटा सरकतो. हा जासूद स्वतः काही निर्माण करीत नाही. विमानाची वीज काट्यातून येते, सेंडरमधून एंजिनाच्या धडात उतरते आणि तेथून विमानाच्या सांगाड्यात परतते. त्या परतीच्या वाटेचा विचार सहसा कोणी करीत नाही.

स्नेह्यांनी वैमानिकाला बोलावून घेतले. हा तरुण त्यांना काका म्हणतो. “काका, काटा उडतो,” एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तेव्हा यांनी त्याला खुर्चीवर बसवून, डोळे मिटायला लावून, उड्डाणाचा तो भाग क्षणाक्षणाने आठवायला लावला. तेव्हा हळूहळू तपशील बाहेर आले: तेलाची उष्णता वर गेली तेव्हा तेलाचा दाबही वर गेला होता, लँडिंग लाइट विझवल्यावर दोन्ही काटे थोडे खाली आल्यासारखे वाटले होते, धुराच्या उष्णतेचा काटा मात्र जागचा हलला नव्हता.

येथे माझ्या स्नेह्यांचा चेहरा, कथा सांगतानासुद्धा, उजळून निघाला. तेल खरोखर तापले तर ते पातळ होते, आणि पातळ झालेल्या तेलाचा दाब उतरतो. उष्णता आणि दाब ही दोन्ही एकाच क्षणी, एकाच झटक्यात वर चढतात, हे एंजिनाच्या स्वभावात बसत नाही. शिवाय तेलाच्या एवढ्या साठ्याला तापायला वेळ लागतो, निवायला त्याहून अधिक. पापणी लवते न लवते तोच ते तापून निवले, असे सांगणारा काटा तेलाविषयी बोलत नसणार हे उघड होते. जे दोन काटे हलले त्यांच्या परतीची वाट एकच होती, आणि जो हलला नाही त्याला त्या वाटेची गरजच नव्हती. तेव्हा शोध एंजिनाच्या पोटात न घेता त्या वाटेवर घ्यायचा, हे हात लावण्यापूर्वीच निश्चित झाले. वैद्याने नाडी पाहण्याआधी रोग्याचे नुसते बोलणे ऐकून निदानाची दिशा ठरवावी, तसा हा प्रकार. आणि विद्येचे जे रूप मला सर्वांत सुंदर वाटते, ते हेच.

प्रत्यक्ष शोध घेतला त्या दिवशी त्यांच्यासोबत मीही धावपट्टीवर गेलो होतो. एंजिनावरचे झाकण, म्हणजे काउलिंग, उतरवल्यावर एंजिन दिसले ते चार रबरी उशांवर टेकलेले. त्याची थरथर सांगाड्यात उतरू नये म्हणून ही योजना. पण रबर विजेलाही अडवते, म्हणून एंजिनाचे धड आणि विमानाचा सांगाडा यांना जोडणारा तांब्याच्या बारीक तारांचा विणलेला, बोटभर रुंद पट्टा असतो. आल्टर्नेटरची सारी परतीची वीज त्याच पट्ट्यातून वाहते. स्नेह्यांनी आधी मल्टिमीटर लावला. रोध जवळजवळ शून्य. कोणीही म्हणाले असते, पट्टा उत्तम आहे. “मीटरची वीज ती केवढी!” ते म्हणाले. “चार तारा शाबूत असल्या तरी ती सुखानं जाते. याला ओझं दिल्याशिवाय हा बोलायचा नाही.” मग त्यांनी मीटरच्या लांब तारा पट्ट्याच्या दोन टोकांना लावून आत कॉकपिटपर्यंत नेल्या, एंजिन सुरू केले, दिवे आणि विजेवर चालणारी बाकीची साधने एकेक करून चालू केली. दर बटणासरशी मीटरवरचा आकडा चढत गेला. जेथे व्होल्टचे काही शतांश दिसायचे, तेथे तो एका व्होल्टच्या घरात जाऊन डोलू लागला.

एंजिन निवल्यावर त्यांनी पट्टा सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. वरून पाहता अखंड. पण टोकाच्या थिंबलच्या गळ्याशी, जेथे वीण पितळात दाबून बसवलेली होती, तेथे नखाने जरासे दूर सारताच आतल्या तारा तुटलेल्या आणि हिरवट कळकलेल्या दिसल्या. मोजक्या तारा काय त्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. वर चढताना पूर्ण जोर लागला की एंजिन उशांवर किंचित कलते, पट्टा ताणला जातो, आणि त्या टेकलेल्या तारा क्षणभर सुटतात. सुटल्या की एंजिनाच्या धडाची विद्युतपातळी सांगाड्याच्या पातळीहून खाली घसरते, सेंडरमधून वाजवीहून अधिक वीज ओढली जाते, आणि कॉकपिटमध्ये दोन्ही काटे एकदम वर उसळतात. जमिनीवर पहिल्यांदा एंजिन चालवले तेव्हा दिवे बंद होते आणि नाक उचललेले नव्हते. म्हणून तेव्हा सारे आलबेल दिसले होते.

त्याहून गंभीर गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. पट्टा पूर्ण तुटला असता तर एंजिन सुरू करतानाची प्रचंड वीज दुसरी वाट शोधती, आणि ती वाट थ्रॉटलच्या किंवा इंधन-मिश्रणाच्या लोखंडी केबलची असू शकली असती. अशा विजेने केबल तापून, करपून जागच्या जागी आवळली गेल्याची उदाहरणे त्या व्यवसायाला ठाऊक आहेत. म्हणजे काट्याने दिलेली वर्दी तेलाविषयी चुकीची होती, तरी विमानाविषयी पूर्णतः खरी होती. मला तेव्हापासून ‘काटा खोटे दाखवतो’ असे म्हणवत नाही. तो जे दाखवतो ते कशाचे तरी सत्य असतेच. कशाचे, एवढेच शोधायचे राहते. त्या शोधाचा कंटाळा करून सेंडर बदलणारा, मग काटा बदलणारा, आणि शेवटी काट्याकडे पाहायचेच सोडून देणारा मनुष्य एका प्रामाणिक वार्ताहराला मुका करीत असतो.

उलट बाजूही आहे, आणि ती फार दारुण आहे. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळावर हिम पडत असताना एक बोइंग ७३७ उड्डाणाला निघाले. एंजिनाचा जोर दाखवणाऱ्या मापकाची हवेची नळी बर्फाने बुजली होती, काटा २.०४ दाखवीत होता आणि खरा जोर होता १.७० च्या आसपास. त्याच तबकडीशेजारचे, फिरण्याचा वेग आणि उष्णता दाखवणारे काटे मात्र कमी जोराचीच साक्ष देत होते. सहवैमानिकाला काहीतरी विपरीत वाटत होते, तसे तो धावपट्टीवर धावताना पुन्हा पुन्हा बोललाही. पण मुख्य मापक अपेक्षित आकडा दाखवीत होता, आणि मनुष्याला अपेक्षित आकडा दिसला की शेजारच्या साक्षी ऐकू येईनाशा होतात. विमान पुलाला धडकून गोठलेल्या पोटोमॅक नदीत कोसळले. येथे काटा थरथरला नव्हता, उसळला नव्हता. तो अगदी स्थिर, आश्वासक उभा होता. हा प्रसंग वाचल्यापासून, हलणाऱ्या काट्यापेक्षा न हलणाऱ्या काट्याची खातरजमा करण्याकडे माझे मन अधिक ओढ घेते.

मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली. त्या विमानाची आठवण काढताना स्नेही म्हणाले, स्वतः विमान बांधणाऱ्याला निदान कोणता सांधा कोणाच्या देखरेखीखाली झाला हे ठाऊक असते. जुन्या विमानात ते सुख नाही. दशकानुदशके, निरनिराळ्या देशांत, अनोळखी माणसांनी केलेले शेकडो सांधे त्यात नांदत असतात, आणि दप्तरात नोंद असते ती कामाची. त्या दिवशी करणाऱ्याचा हात थकलेला होता की काय, याची नोंद कोठेच नसते.

नवा पट्टा बसला. रंग खरवडून धातू उघडा केला, थिंबल घट्ट आवळले, ओझे देऊन पुन्हा मोजले, दप्तरात सही झाली. पुढच्या उड्डाणात तेलाचे दोन्ही काटे शांत राहिले. पण वैमानिक आता पाहायला शिकला होता, आणि उतरल्यावर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली: तिसऱ्या सिलिंडरच्या माथ्याचा काटा इतर तिघांहून जरासा वर असतो आणि मधूनच दचकतो. दचकणे एवढे लहान की, पूर्वी ते मोठ्या गडबडीत झाकून गेले असावे. स्नेह्यांना त्या तारेवर एका जुन्या वेष्टनाखाली साध्या तांब्याच्या तारेचा तुकडा जोडलेला सापडला आहे. थर्मोकपलच्या वाटेत परका धातू आला आणि त्याचे दोन सांधे कमी-अधिक तापले, तर ते सांधेच आपली वेगळी कुजबूज सुरू करतात. कदाचित तेच असेल. पण तिसऱ्या सिलिंडरवरून वारा कमी खेळत असेल, हेही संभवते, आणि मग तो काटा अक्षरशः खरे सांगत असेल.

म्हणून त्यांनी अजून तार बदललेली नाही. पावसाची उघडीप मिळाली की दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची थर्मोकपले फक्त अदलाबदल करायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, आणि एक उड्डाण करून पाहायचे, असे ठरले आहे. दचकणे थर्मोकपलाबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेले तर दोष त्या थर्मोकपलाचा. तिसऱ्याच्याच काट्यावर राहिले तर आधी तो तांब्याचा जोड काढायचा, आणि तो काढूनही राहिले तर सिलिंडरच उघडून पाहायचा. मालकाला इतका धीर धरवत नाही. त्याने परवा फोनवर सारेच एकदम बदलून टाकण्याची तजवीज सुचवली. “तसं केलं तर काटा शांत होईल हो,” स्नेही त्याला म्हणाले, “पण तो काय सांगत होता, हे मग कुणाला विचारायचं?”